गाडी आडवी झाल्यावर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. कराडहून पाटणला निघालो होतो आणि वाटेत पाऊस लागला. सुरुवात होऊन दहा मिनिटंही झाली नसतील. घसरण्याच्या दृष्टीने हीच वेळ सगळ्यात वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर ठिबकलेलं तेल, टायरची झिजलेली पूड आणि धूळ यांचा पहिल्या सरीत लगदा होतो. जोराचा पाऊस तासभर पडला की तो वाहून जातो, पण तोवर डांबर साबण लावल्यासारखं असतं. त्यात एका वळणावर ट्रॅक्टरने शेतातला चिखल रस्त्यावर आणून टाकला होता. मी पुढचा ब्रेक लावला, चाक सुटलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. वेग पंचवीसच्या आसपास असेल. गुडघा आणि कोपर सोलवटलं, बाकी मी धड होतो.

गाडी चौदा वर्षांची स्प्लेंडर. उभी करून पाहिली तर टाकीवर वीतभर ओरखडा, हेडलाइटच्या डूमला तडा, डावा आरसा फुटलेला, इंडिकेटर वायरीला लोंबकळतोय, क्लचचा लिव्हर वाकलेला, गिअरचा पाय आत दबलेला आणि लेग गार्ड इंजिनाला टेकलेलं. एवढं सगळं समोर असताना माझी नजर पुन्हा पुन्हा टाकीकडेच जात होती. दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतल्या फिटरमामांना गाडी दाखवली. त्यांनी टाकीकडे पाहिलंही नाही. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडल हलवून बघितलं आणि म्हणाले, "रंगाचं राहू दे. चाक कुठं चाललंय आणि हँडल कुठं, ते बघ आधी."

पडलेल्या गाडीचं काम घरी करायचं तर सुरुवात इथून करावी लागते. गाडीचे काही भाग दिसण्यासाठी असतात आणि काही भार पेलण्यासाठी. डूम, साइड पॅनल, मडगार्ड, टाकीचा रंग हे दिसणारे. इथे आपला वेळ आणि हात वापरून पैसे वाचवता येतात. शॉकअप, त्याचे पाइप धरणारी ‘टी’, चाक, ब्रेक, हँडल हे पेलणारे. इथे काटकसर करायची ती मजुरीत. वाकलेला किंवा चिरलेला सुटा भाग बदलायचाच. मन मात्र नेमकं उलट वागतं. रंगासाठी दोन हजार मोजायला माणूस तयार असतो आणि साडेचारशेचं हँडल "चालतंय की" म्हणून तसंच ठेवतो.

विमा आहे तर डोकेफोड कशाला, असं कुणी विचारेल. जुन्या गाडीला बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी हिशेब करून बघावा. प्लास्टिक आणि रबराच्या भागांची साध्या पॉलिसीत निम्मीच किंमत धरतात, आणि मोडतोड झालेली असते ती बहुतेक प्लास्टिकचीच. शिवाय एक दावा केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के असतो. बाराशे रुपयांच्या कामासाठी तो घालवण्यात हशील नाही. वाकलेली फ्रेम किंवा फुटलेलं इंजिन असेल, तर मात्र कशालाही हात न लावता आधी फोटो काढून कंपनीला कळवा.

पडल्या जागी काय बघायचं, तेही सांगतो. आधी चावी बंद करा. आडव्या पडलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीतून पेट्रोल ओघळलेलं असतं. पाच मिनिटं थांबा, वास कमी होऊ द्या. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकींत गाडी कलंडल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. अशी गाडी उभी केल्यावर लगेच सुरू झाली नाही तर घाबरू नका. चावी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा काम होतं. मग अ‍ॅक्सिलेटरची मूठ पिळून सोडा. ती आपोआप खटकन मागे आली पाहिजे. उजव्या अंगावर पडलेल्या गाडीत मूठ आत सरकून अडकते, आणि सुरू केल्याबरोबर गाडी पिसाळते. डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर दाबून मिनिटभर तसाच धरा. तो हळूहळू आत जात राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा आतलं सील गेलंय. ती गाडी टेम्पोत घालून आणायची. डिस्क ब्रेकचं पोट उघडणं हे घरी करायचं काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मामांच्या प्रश्नाकडे. गाडी सरळ चाललीय पण हँडल तिरकं, ही पडलेल्या गाडीची सगळ्यात नेहमीची तक्रार. पुष्कळ जण धास्तावतात, की आता फ्रेम गेली. बहुतेक वेळा तसं नसतं. शॉकअपचे दोन पाइप वरच्या आणि खालच्या ‘टी’मध्ये बसलेले असतात आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं ते फक्त बोल्ट आवळल्याने आलेलं घर्षण. हँडलचं टोक जमिनीवर आपटलं की पाइप त्या पकडीत किंचित फिरतात. काही वाकलेलं नसतं, फक्त जागा सुटलेली असते. जागा सुटली तशीच ती परत आणताही येते.

गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढच्या चाकाकडे तोंड करून उभे राहा, चाक गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल योग्य दिशेला झटका देऊन ओढा. किरकोळ तिरकेपणा एवढ्यानेच जातो. नाही गेला, तर पुढच्या एक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या ‘टी’चे दोन बोल्ट ढिले करा. ढिले म्हणजे अर्धा-पाऊण फेरा, काढायचे नाहीत. आता हँडल सहज वळेल. सरळ दिसलं की गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप तीन-चार वेळा खालीवर दाबा, म्हणजे पाइप आपापल्या जागी बसतील. मग आवळायला घ्या: आधी एक्सल, मग खालची ‘टी’, शेवटी मडगार्ड.

आवळायचं किती, हा प्रश्न नवख्याला छळतो. जपानी पद्धतीच्या गाड्यांत 10 नंबरचा पाना बहुधा 6 मिलिमीटरच्या बोल्टला लागतो, 12 नंबरचा 8 मिलिमीटरच्या आणि 14 नंबरचा 10 मिलिमीटरच्या. 8 मिलिमीटरच्या बोल्टला सर्वसाधारणपणे 20 ते 25 न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. जेमतेम वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर लांबीचा पाना टोकाला धरलात, तर अकरा किलोचं वजन उचलायला लागेल तेवढा जोर. त्यापुढे पाइप लावून ओढाल तर आटे जातील, आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की लेथवाल्याकडे जावंच लागतं.

सरळ झालं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. खिडकीच्या काचेचा एक सपाट तुकडा दोन्ही शॉकअपच्या उघड्या पाइपांवर समोरून आडवा टेकवा. काच चारी कोपऱ्यांना नीट बसली तर पाइप एका पातळीत आहेत. ती डुगडुगली तर अजून पीळ शिल्लक आहे, आणि बोल्ट ढिले करून पुन्हा बसवूनही डुगडुगत राहिली तर पाइप किंवा ‘टी’ खरोखर वाकलेली आहे. दुसरी परीक्षा दोरीची. स्प्लेंडरसारख्या गाडीला ती फार सोपी पडते, कारण तिचे पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे. घरातल्या कुणाला तरी गाडी सरळ उभी धरायला सांगा, दोन्ही स्टँड वर घ्या आणि मागच्या टायरला वेढा देऊन दोरीची दोन्ही टोकं गाडीच्या दोन बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणा. दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकली की पुढच्या टायरच्याही दोन्ही कडांना तशीच टेकायला हवी. आमच्याकडे धाकट्या मुलीने गाडी धरली आणि पुढे डाव्या बाजूला दोन सुतांचं अंतर आहे हे तिनेच आधी पाहिलं. मी पुन्हा बोल्ट ढिले केले.

त्याच वेळी अजून दोन गोष्टी बघून घ्या. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल बोटाने हळूहळू फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर हँडल ज्यांच्यावर फिरतं त्या बॉल रेसरमध्ये खड्डे पडलेत, ते बदलावे लागतील. आणि हँडलच्या खाली, जिथे फ्रेमचे पाइप एकत्र येतात, तिथला रंग बॅटरीच्या उजेडात तपासा. पत्रा ताणला गेला की त्याच्यावरचा रंग सुरकुततो किंवा पापुद्रे सुटतो. तिथे असं काही दिसलं तर घरचं काम तिथेच थांबवा.

हँडलचा पाइप वाकला असेल तर नवा घ्या. पोलादी नळी एकदा वाकली की त्या जागी चपटते, आणि सरळ केली तरी तिथे ती पहिल्याइतकी भार घेत नाही. गिअरच्या पायाची गोष्ट वेगळी. तो भरीव पोलादाचा असतो, सरळ करून घेता येतो. पण गाडीवर असताना त्याला पाइप लावून ओढू नका. तो सगळा जोर आतल्या शाफ्टवर जातो, शाफ्ट वाकतो, सील फाटतं आणि फुकटात होणाऱ्या कामाचं इंजिन उघडण्याचं काम होतं. शाफ्टवर आणि गिअरच्या पायावर खुणेचा एकेक ठिपका द्या, 10 नंबरचा बोल्ट पूर्ण काढा, पाय बाहेर ओढा आणि शिकंज्यात धरून सरळ करा. ठिपक्याला ठिपका जुळवून परत बसवला की गिअरची उंची बदलत नाही. लेग गार्डचंही तसंच. ते उतरवून वेल्डिंगवाल्याकडे न्या. ते झाडाला बांधून खेचणारे लोक मी पाहिलेत. ते फ्रेमच्या ज्या जागी बसतं तिथेच तो हिसका लागतो.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मात्र ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे. पोलाद वाकतं आणि परत येतं; हा धातू वाकताना आतून तडकतो. सरळ केलेला लिव्हर आठवडाभर छान चालेल आणि ज्या दिवशी समोर अचानक बैल येईल, त्या दिवशी हातात येईल. माझा क्लच लिव्हर नव्वद रुपयांना मिळाला. एवढ्या रकमेसाठी हा धोका पत्करण्यात काहीच अर्थ नाही. नवा लावताना केबलच्या टोकाला ग्रीस द्या आणि लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवा. ती ठेवली नाही तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात.

आता माझ्या आवडीचा भाग. प्लास्टिक.

तडा गेलेला डूम लोक फेविक्विकने चिकटवतात आणि पंधरा दिवसांनी तो तिथेच उलतो. दोष फेविक्विकचा नाही. ते कडक, ठिसूळ थर बनवतं आणि गाडीचा डूम सतत थरथरत असतो. प्लास्टिक जोडण्याआधी त्याची जात ओळखली पाहिजे. सुट्या भागाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस किंवा पीपी असा इंग्रजी शिक्का असतो. शिक्का सापडला नाही तर कडेची नखाएवढी कपची कापून पाण्यात टाका. तरंगली तर पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन; ते पाण्याहून हलकं असतं. बुडाली तर बहुधा एबीएस. खात्रीसाठी आतल्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. जागा चिकट झाली की शंका मिटली.

एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, आणि सगळी युक्ती यातच आहे. गॅरेजच्या भंगारातून त्याच रंगाचा फुटका डूम मागून आणा. कुणी नाही म्हणत नाही. त्याचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घाला, बुडतील इतकं अ‍ॅसिटोन ओता आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखी दाट खळ तयार असते. ही खळ तड्यात भरली की तिच्यातलं अ‍ॅसिटोन तड्याच्या दोन्ही कडा मऊ करतं, तिथले रेणू खळीतल्या रेणूंत गुंततात आणि अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर मागे उरतं ते निव्वळ प्लास्टिक. म्हणजे हे चिकटवणं नव्हे, सांधणं आहे. रंगही मूळचाच येतो.

पण खळ भरण्याआधी तड्याच्या टोकाला एक भोक पाडायचं, 2-3 मिलिमीटरचं. मोडक्या वस्तूला आणखी भोक कशाला, असं वाटेल. 1913 साली केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी जहाजांच्या पत्र्यांमधल्या तड्यांचं गणित मांडलं. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, पण भोक जसजसं लांबट आणि टोकदार होत जातं तसतसा टोकाशी ताण कितीतरी पटींनी वाढतो, असं त्यांनी दाखवलं. तडा म्हणजे अतिशय टोकदार भोकच. त्याच्या टोकाशी एवढा ताण एकवटतो की साध्या थरथरीनेही तो पुढे सरकत राहतो. टोक गोल केलं की ताण पसरतो आणि तडा थांबतो. बारीक ड्रिल नसेल तर तापवलेला खिळाही चालतो.

भोक झालं की आतल्या बाजूने तड्याच्या दोन्ही कडा कानशीने उतरत्या करा, म्हणजे खळ मुरायला घळ मिळेल. खळीचा पहिला हात द्या, त्यावर जखमेवर बांधायच्या जाळीदार पट्टीचा तुकडा पसरा, वरून दुसरा हात. चोवीस तास हात लावू नका. तुटलेल्या खुंट्याही याच खळीने परत उभ्या राहतात. हे सगळं उघड्यावर करा, देवघर आणि गॅसची शेगडी यांच्यापासून दूर; अ‍ॅसिटोनची वाफ पेट्रोलच्या वाफेसारखीच भडकते.

पीपीवर ही खळ काहीच करत नाही. तिथे गोधडीसारखे टाके घालावे लागतात. तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून तांब्याची बारीक तार ओवा, आतल्या बाजूला पीळ द्या आणि सोल्डरिंगच्या इस्त्रीने तार प्लास्टिकमध्ये दाबून बसवा. देखणं होत नाही, पण मडगार्डला पुरेसं होतं.

चाकाबद्दल थोडक्यात. तारांच्या चाकाची रिम आऊट झाली असेल तर फिरत्या चाकाच्या बाजूला शॉकअपला एक खडू बांधून बघा. जिथे खूण उठते तिथे रिम त्या बाजूला आलीय. विरुद्ध बाजूचे आरे पाव-पाव फेरा आवळत ती परत आणता येते. जमलं नाही तर सायकलवाल्याकडे बसून एकदा हे काम पाहा. अलॉय व्हीलला हातोडी लावू नका, कारण लिव्हरचंच.

आणि हेल्मेट. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदला, वरून एक चरा नसला तरी. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि परत फुगत नाही; दबूनच त्याने आपलं काम केलेलं असतं. नवं घेताना आयएस 4151 चा शिक्का बघा. खर्चाच्या यादीत हे सगळ्यात वर असावं असं मला मनापासून वाटतं.

माझा हिशेब असा झाला. हँडल 450, लिव्हर 90, आरसा 140, इंडिकेटर 160, अ‍ॅसिटोन 120, ग्रीस आणि पॉलिश पेपर मिळून 120, लेग गार्डचं वेल्डिंग 150. एकूण 1,230 रुपये, शनिवारची दुपार आणि पूर्ण रविवार. टाकी यात नाही.

टाकीवर नख फिरवून पाहिलं. नख अडकलं नसतं तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच राहिला असता आणि रबिंग कंपाउंडने गेला असता. माझ्या टाकीवर ते अडकलं, आणि मधल्या चार बोटांत पत्रा दिसत होता. शिवाय खालच्या कडेला बशीएवढा पोचा. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून जागा कोरडी करून त्यावर बायकोकडचं रंग नसलेलं नेलपॉलिश लावून ठेवलं. स्प्रे मारण्याची घाई केली नाही. दमट हवेत रंगातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंग पांढरट, दुधाळ होतो. जुलैत मारलेले असे रंग मी पाहिलेत; ते पुन्हा खरवडावेच लागतात.

ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर काम काढलं. टाकी रिकामी करून उतरवली. पोचा बाहेर काढण्यासाठी टाकीला आग किंवा वेल्डिंग दाखवायचं नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा जास्त घातक असते. पोच्यातला रंग 180 नंबरच्या कागदाने पत्र्यापर्यंत घासला, लांबी भरली, तीही 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड नाही, कारण जाड लांबी पुढे तडकते. मग पाणी लावून 400, 800 असा कागद चढवत नेला. प्रायमर, रंगाचे तीन पातळ हात, वर लॅकर. दर दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा डाव्या बाजूचा लाल रंग उजव्या बाजूपेक्षा किंचित गडद दिसत होता. चौदा वर्षांचं ऊन डब्यातल्या रंगाला कुठून येणार?

एक गोष्ट मात्र आधी माहीत असायला हवी होती. साध्या स्प्रेच्या डब्यातलं लॅकर पेट्रोल सोसत नाही. थेंब ओघळला की मऊ पडून सुरकुततं. पेट्रोलला दाद न देणारं दोन भागांचं लॅकर मिळतं, पण त्याचे फवारे फुप्फुसाला अपायकारक असतात आणि ते योग्य मास्क घातलेल्या पेंटरनेच मारावं. तेव्हा मी पंपावर झाकणाभोवती फडकं धरतो. तिथला पोरगा आता ओळखीचा झालाय. मला पाहिलं की नळी आधी आतल्या आत झटकून घेतो आणि मगच बाहेर काढतो.